सोजराबाईच्या खड्ड्यातली आसरामाय

जानेफळच्या सोजराबाईचा देवाशी व्यवहार बेताचाच. सणावाराला एक उदबत्ती, संपलं. उपास तिला झेपत नाही, आणि कुणाच्या अंगात आलं की ती सरळ मेथीच्या जुड्या बांधायला निघून जाते. अशा बाईच्या दारात देवी प्रकटली, आणि तीही तिच्याच हातानं!

झालं असं. गल्लीत सिमेंटचा रस्ता आला, मागोमाग घराघरापुढे फरसबंदीचे सिमेंटी गट्टू बसले, आणि पावसाला मुरायला वीतभर माती उरली नाही. मग गल्लीभरचं पाणी शेण आणि नालीचा गाळ घेऊन उताराच्या शेवटच्या घरात, म्हणजे सोजराबाईच्या चुलीपर्यंत येई आणि परसातल्या विहिरीत उतरे. नवरा कडूबा खाटेवर पाय घेऊन म्हणे, "ओसरंल." सोजराबाई वाट बघणाऱ्यातली नव्हे. तिनं दारापुढचे गट्टू उखडले, खाटेएवढा खड्डा खणला, तळाला दगडगोटे, वर रेती-माती भरली आणि कर्दळ अन् वाळा लावला. पुढच्या पावसात पाणी खड्ड्यापाशी आलं, घुटमळलं आणि गुपचूप मुरलं. विहीर पुन्हा नितळ झाली. बाईला आनंद मावेना.

पण मोकळा खड्डा दिसला की माणसाचा हात शिवशिवतो. समोरची झुंबरबाई रोज त्यात केर टाकी. "खड्डाच तर हाय," म्हणे. भांडून घसा बसला, तेव्हा सोजराबाईनं मिक्सर आल्यापासून रिकामा पडलेला वरवंटा उचलला, शेंदूर फासला आणि कर्दळीखाली उभा केला. केर त्याच दिवशी बंद!

पण करायला गेली एक आणि झालं भलतंच. आधी हळदकुंकू आलं, मग नारळ, मग खणाची चोळी. पाण्याजवळची देवी म्हणून लोकांनीच नाव ठेवलं, आसरामाय. शेवटी गल्लीतला हौशी पुढारी भागवत उठला. म्हणाला, "माय उघड्यावर बसून राह्यली. उद्याच खड्डा बुजवू, सिमिटाचा ओटा बांधू, वर फरशी!"

सोजराबाई धावत आडवी आली. खड्डा गेला की चुलीत पुन्हा गल्लीचा गाळ.

"अरे, तो वरवंटा हाय माहा! त्यानं म्या मिरच्या वाटल्या!"

भागवतनं डोळे मिटले. "मायची लीला. वरवंट्यातबी येते."

आता काय करावं? झुंबरबाईच्या अंगात अधूनमधून येई. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी सोजराबाई मेथीची पेंडी घेऊन समोरच्या घरात गेली.

"झुंबर, उद्या जरा अंगात आन नं व. सिमिट नको म्हन, बस."

"ते काय नळ हाय काय व, फिरवला का आला?" झुंबरबाई फणकारली. पेंडी मात्र ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी भागवतनं नारळ फोडला, सिमेंटचं घमेलं उचललं, आणि झुंबरबाईनं केस सोडून किंकाळी ठोकली. "सिमिट नको मले! दम कोंडते! पानी पिऊ द्या!"

सोजराबाईचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात भागवतला अवदसा आठवली. त्यानं विचारलं, "अजून काय पाह्यजे, माय?"

झुंबरबाईनं एक डोळा किलकिला केला. "या झुंबरच्या न्हानीपासून इथवर चर पाह्यजे. सोजरीनं खंदावा! अन् चर होईस्तोवर झुंबरच्या घरच्या भाकरी सोजरीनंच थापाव्या!"

"हो माय!" गल्ली एका सुरात म्हणाली.

सोजराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं बोलावं तर सिमेंट, गप्प बसावं तर झुंबरीच्या भाकरी! पण आसरा काही एकटी नसते. त्या सात बहिणी, हे गल्लीतलं शेंबडं पोरही जाणतं. जन्मात कधी न घुमलेल्या सोजराबाईनं अंबाडा सोडला आणि असं काही घुमायला लागली की कडूबा खाटेखाली गेला.

"मी थोरली हाय! धाकलीचं ऐकू नका! घरोघरचे गट्टू उखडा, दारोदार असाच खड्डा खंदा! पयला झुंबरच्या दारात, अन् खंदंल झुंबरच!"

झुंबरबाईचा उघडा डोळा मिटला. थोरलीचं धाकलीनं ऐकायलाच हवं.

"हो, बाई," ती पुटपुटली.

आणि अजून पाच बहिणी यायच्या बाकी होत्या, म्हणून त्यांच्यापैकी कुणी काही मागायच्या आत सगळ्या गल्लीनं कुदळी उचलल्या.