माईकसमोरचा आवाज

माझी सून आवाज लहान करते. हसू नका, आधी मीही हसले होते. लहान म्हणजे हळू नव्हे, तर बोललेलं इतक्या थोड्या जागेत बसवायचं की रेंज धड नसलेल्या गावातही फोनवर पोचेल. पोळ्या लाटताना तिने मला समजावलं होतं: आवाजाच्या मोठ्या लाटेच्या पोटात छोटी लाट, तिच्याही पोटात आणखी छोटी. सगळ्या मापांनी बघायचं आणि आवाज जिथे अचानक वळतो तेवढेच बिंदू ठेवायचे. त्यांवरून पलीकडे आवाज पुन्हा उभा राहतो. किती अचानक वळला तर बिंदू ठेवायचा, हे ठरवायला तिला बायकांचे आवाज हवे होते. ते मी सोसायटीतून गोळा करून दिले.

त्या रविवारी दुपारी ती लॅपटॉपसमोर नुसती बसून होती, चहावर साय धरलेली. दुसऱ्या दिवशी तिचे पीएचडीचे गाईड स्वतः ऐकणार होते. नाही पटलं तर चार वर्षांच्या कामाला आणखी एक वर्ष.

"काय गं?"

"आई, जुने आवाज छान येतात. सकाळी तुम्ही दूधवाल्याशी भांडलात ना, ते फोनवर टिपून घातलं. ऐका."

पत्र्यावर खडे ओतावेत तसा माझा आवाज. एक शब्द कळेना.

चूक माझी होती. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी बायकांना बजावलं होतं, खोकायचं नाही, हसायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. सगळ्याजणी साड्या बदलून, कागदावर लिहून आल्या आणि सूत्रसंचालन केल्यासारखं सावकाश वाचून गेल्या. सुनेची मापं त्याच आवाजांवर बसली, म्हणून भरभर बोललेलं फुटलं. माझी शाळा चौथीत सुटलेली, पुढचं सगळं पेपर वाचून शिकले. माईक दिसला की नीट बोलायची भीती वाटते, तीच मी सगळ्यांना लावली.

सांगून टाकलं. तिने घड्याळ बघितलं.

"पाचपर्यंत परत बोलवाल?"

"गाऊनवर या," असं सांगून सगळ्यांना बोलावलं. पुढ्यात पावट्याच्या शेंगा टाकल्या. शिरवणे गावातली आमची मैत्रीण फोन बघून ताठ बसली.

"काय बोलू?"

"तुझ्या सुनेबद्दल बोल."

"मंग आधी फोन बंद कर."

हसण्याचा जो गलका झाला तो तसाच रेकॉर्ड झाला. त्यावरून सुनेने रात्रीपर्यंत मापं नव्याने बसवली.

सोमवारी अकराला तिचा फोन. "आई, सर दुसऱ्या खोलीत आहेत. त्यांना तुमचा लहान केलेला आवाजच ऐकू जाईल. बोला."

"नमस्कार. मी आज..." आला तोच वाचायचा आवाज. माझी नजर टेबलावर गेली.

"अगं, डबा इथेच विसरलीस की. सकाळपासून उपाशी, मग डोकं धरून बसशील, आणि ऐकायचं कोणी, मीच ना?"

मी डबा हातात घेऊन उभी. मग तिकडून पुरुषाचा आवाज आला.

"डब्यात काय होतं, काकू?"

"पावट्याची उसळ," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून बसले.