पंगतीतला चष्मेवाला

प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची घरं आणि बोटाएवढ्या बाहुल्या घेऊन हौशी माणसं फिल्म करतात. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. असे शेकडो फोटो भराभर पळवले की बाहुली चालायला लागते. सांगलीत बसून मी अशा फिल्मांवर टीका करतो. पोटापाण्याला पंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, टीका ही हौस. माझ्या चॅनेलवर मी एकेका फिल्मची सालटी काढतो, आणि फिल्मसाठी ऑनलाइन वर्गणी मागणाऱ्यांची तर जरा जास्तच. नियम एकच, ज्याच्यावर बोलायचं त्याला आपण वर्गणी द्यायची नाही. बायको म्हणते, खेळण्यांशी भांडणारा माणूस तिनं दुसरा पाहिला नाही.

उंब्रजला हायवेलगत झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या एक बाई आहेत. गावाकडच्या लग्नातल्या पंगतीवर त्यांना फिल्म करायची होती. दिव्यांसाठी आणि बाहुल्यांसाठी त्यांनी वर्गणी काढली. मुदतीत ठरलेली रक्कम जमली नाही तर सगळ्यांचे पैसे परत जाणार आणि फिल्म तिथेच संपणार, अशी त्या वेबसाइटची अट. बाईंनी वर्गणी देणाऱ्यांना कबूल काय केलं, तर प्रत्येकाच्या नावाची एक बाहुली पंगतीला बसेल. आपल्याकडे मानपान सोडून माणूस दुसरं काही मागत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वर्गणी भराभर आली. मग त्यांनी एक तुकडा करून माझ्याकडे पाठवला.

मी तो पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. पंगत ही लांबच लांब, आणि एकही पाहुणा जागचा हलत नाही. हलवणार तरी कसे? एवढ्या बाहुल्या प्रत्येक फोटोला हलवायच्या म्हणजे बाईंचा जन्म त्यात गेला असता. शिवाय फोटो काढायच्या खोलीत खिडकीतून येणारं ऊन क्षणात पिवळं, क्षणात पांढरं. सगळे पाहुणे पाय पसरून बसलेले. आणि मागे खांबाला टेकून एक चष्मेवाला बाहुला उगाच उभा. मी चॅनेलवर सगळं सांगितलं. ही पंगत आहे की फोटोची फ्रेम, असं विचारलं. पाहुणे कमी करा, तिघंचौघं हलवा, आणि तो खांबाजवळचा चष्मेवाला आधी काढा.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. बाहुल्यांना मांडी घालता येत नाही, आमच्या सासूबाईंनाही येत नाही, असं त्यांनी आधी ऐकवलं. पण आवाज उतरलेला होता. सगळ्यात मोठी वर्गणी त्यांच्या चुलत सासऱ्यांची, आणि माझं बोलणं ऐकून ते रुसले होते. आपली बाहुली नुसती बसूनच राहणार असेल तर पैसे काढून घेतो म्हणत होते. ते गेले की मागोमाग सगळी भावकी जाणार. मी म्हटलं, म्हणूनच सांगतो, पाहुणे कमी करा.

“आवं दादा,” त्या म्हणाल्या, “बोलावलेल्या मानसाला उठीवत्यात व्हय कुठं?”

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर बाई आवडल्याही. पण मी माझा हेका सोडला नाही.

आठवडाभरानं नवा तुकडा आला. त्यात हिरव्या लुगड्यातली एक वाढपीण बुंदीची बादली घेऊन पंगतीत शिरते. बुंदी म्हणजे पिवळे गोल मणी. ती ज्याच्यापुढे येते तेवढाच पाहुणा हात उचलून नको नको करतो, ती आग्रहानं वाढतेच, आणि पुढे सरकते. या बाहुल्यांचा हात खांद्यातून नुसता वरखाली होतो. नको म्हणायला तेवढं पुरतं. एका वेळी दोनच बाहुल्या हलवायच्या, तरी मान प्रत्येकाला. चुलत सासऱ्यांच्या बाहुलीनं तर दोनदा नको म्हटलं आणि तीनदा घेतलं. तो तुकडा मग सासऱ्यांनीच अख्ख्या भावकीला दाखवला. पुतण्यांनाही आपापली बाहुली हवी झाली आणि वर्गणी मुदतीच्या आत पुरी झाली. एवढी सोपी युक्ती मला का सुचली नाही म्हणून मी दिवसभर धुसफुसत होतो.

पुरी फिल्म यंदा आली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा पाहिली. ऊन अजून पळतच होतं. शेवटी पंगत उठते, आणि दमलेली वाढपीण रिकाम्या जागी एकटीच बसते. तेवढ्यात खांबाजवळचा तो चष्मेवाला हलतो. बादली उचलतो, तिच्यापुढे येतो. ती हात वर करून नको म्हणते, तो वाढतो. पुन्हा नको म्हणते, पुन्हा वाढतो.

मी चष्मा काढून पुसला, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं.

लगेच फोन लावला. म्हटलं, मी तर तुम्हाला एक पैसाही दिला नाही.

“म्हनून तर पंगतीत न्हाई बसवलं,” त्या म्हणाल्या. “पंगतीला पाहुनं बसत्यात, दादा. वाढायला घरची मानसं लागत्यात.”

त्या फिल्मवर मी चॅनेलवर बोललो. उन्हाबद्दल जे बोलायचं ते सगळं बोललो. चष्मेवाल्याचा विषय आला तेव्हा मात्र मला पाणी प्यायला उठावं लागलं.