बाहुल्यांचा कंदील अजून ओला आहे

विजूकाकूंची आणि माझी ओळख कचऱ्याच्या डब्यापाशी झाली. कोपरीतल्या बिल्डिंगमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. मी मिठाईचा रिकामा खोका टाकणार, एवढ्यात समोरच्या दारातून आवाज आला, "थांब! फेकायच्या आधी मला दाखव." खोका उलटसुलट करून त्या म्हणाल्या, "अगं, हा तर चांगला दोन खोल्यांचा ब्लॉक आहे."

त्या ब्लॉकमध्ये माझ्या रेवाच्या बाहुल्या राहायला गेल्या आणि काकू रेवाच्या आजी झाल्या. काकूंनी औषधांच्या कंपनीत तीस वर्षं पॅकिंगला काढलेली, त्यामुळे बोटं नुसती चालायची. पिस्त्याच्या टरफलांच्या पणत्या, दुधाच्या पिशव्यांचं तोरण, अंड्यांच्या ट्रेचा किल्ला. त्या किल्ल्यावर मोहरीसुद्धा उगवायची. लग्नपत्रिकेचा कंदील असायचा, सुपारीएवढा. एकदा त्याला चंदेरी कागद हवा म्हणून काकूंनी काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी फोडून दहाही गोळ्या बडीशेपेच्या डबीत काढून ठेवल्या. मी नर्स, माझं डोकंच फिरलं.

"काकू, कुणी मूठभर तोंडात टाकल्या असत्या तर?"

"ओरड बाई, हवं तेवढं ओरड. पण आधी कंदील बघ."

बघितला. काय करणार, सुंदरच होता मेला!

त्या पहिल्या वर्षी रेवा सात वर्षांची होती. दिवाळीत हॉस्पिटल काही बंद नसतं. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज, तिन्ही दिवस माझी ड्युटी लागली. घरात बाबा होता, फराळ होता, पण रेवा माझ्याशी बोलेना. "तू नसतेस तर मला नकोच दिवाळी," म्हणाली आणि नवा फ्रॉक कपाटात कोंबून मोकळी झाली. मला फार लागलं ते.

तेव्हा काकूंनी जाहीर केलं, "बाहुल्यांची दिवाळी कुठे झालीय अजून? माणसांचे खोके रिकामे झाल्याशिवाय त्यांना सामान कुठून मिळणार?"

भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी माझी सुट्टी होती. त्या सकाळी बाहुल्यांची दिवाळी झाली. मी रेवाला उटणं लावलं, रेवानं बाहुल्यांना. कोंबलेला फ्रॉक बाहेर आला. पुढे हे दर वर्षीचंच झालं, फक्त तारीख पक्की नसायची. एकदा माझी सुट्टी ऐन वेळी रद्द झाली, तर काकू म्हणतात, "बरंच झालं गं. कंदील अजून ओला आहे. परवा करू." मी अशी बावळट, मला खरंच वाटायचं की खळ वाळायला एवढे दिवस लागतात.

यंदा दिवाळीच्या तोंडावर काकू बाथरूममध्ये घसरल्या. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि मुलानं त्यांना आणि काकांना डोंबिवलीला आपल्या घरी नेलं. नेमकी यंदाच मला लक्ष्मीपूजनाची चक्क सुट्टी मिळाली! मी रेवाला म्हटलं, "आपल्याबरोबर बाहुल्यांचीही करून टाकू या."

रेवा आता बारा वर्षांची आहे. कंदील यंदा तिनं एकटीनंच केला होता.

"आई, तुला अजून कळलं नाही? आजी आधी तुझी सुट्टी बघायची आणि मग तारीख ठरवायची. मला म्हणायची, आईला सांगू नकोस, उगीच रडत बसेल."

मग काय, बसलेच रडत. इतकी वर्षं ती बाई माझ्यासाठी दिवाळी थांबवून धरत होती आणि मी तिला गोळ्यांवरून ओरडत होते.

रेवानं तोवर फोन लावलासुद्धा. "आजी, तू घरी कधी येणार?"

"अगं, डॉक्टर म्हणतात महिना तरी लागेल," पलीकडून काकूंचा आवाज आला. "माझ्यासाठी खोळंबू नका. यंदा आई घरी आहे ना? घ्या करून."

रेवानं खोक्यात टांगलेला कंदील बोटानं चाचपून पाहिला. कोरडा ठणठणीत होता.

"नाही गं आजी," ती म्हणाली, "कंदील अजून ओला आहे."