क्रुसाजवळचा एअर व्हॉल्व्ह

खालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, आणि टेकडीवरचे नळ फुस्स करून गप्प. वाकोल्याच्या एका जुन्या ख्रिस्ती गावठाणात मी कपाळाला हात लावून उभा होतो. पन्नासचं दशक. उपनगरं नुकतीच मुंबईत आली होती, गावठाणाला पहिल्यांदाच नळ मिळाले होते, आणि त्या लाइनचा ओव्हरसिअर मी.

गावातल्या फ्रान्सिसच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. मांडव पडला होता आणि मे महिन्यात विहिरीनं तळ गाठला होता. "साहेब, सगळ्या गावाला जेवण सांगितलंय. पाणी नाही आलं तर माझी वाट लागली ना!" तो माझ्यावर ओरडला.

आमच्या इंजिनियरसाहेबांनी निकाल देऊन टाकला. "पाइप चोंदलाय. रस्ता खोदा."

खोदाईत आठवडा गेला असता आणि लग्न कोरडंच लागलं असतं. मी म्हटलं, "साहेब, आधी एअर व्हॉल्व्ह बघू द्या."

"बघ. पण उद्या सकाळी खोदकाम सुरू."

पाणी आम्ही फक्त संध्याकाळी सोडायचो. एरवी रिकाम्या पाइपात हवा भरते. तिला बाहेर पडायला चढाच्या माथ्यावर एक भोक ठेवतात. तोच एअर व्हॉल्व्ह. हवा गेली की आतला गोळा पाण्यावर तरंगत वर येतो आणि भोक बंद करतो. हवाच अडली तर पाणीही अडतं.

माथ्यावर गावाचा क्रूस होता. शेजारच्या चेंबरचं झाकण काढलं, तर भोकात लाकडी खुंटी ठोकलेली!

"कुणी मारली ही?"

सोबत आलेल्या फ्रान्सिसचा आवाज एकदम खाली आला. "मीच, साहेब. मे महिनाभर आम्ही संध्याकाळी इथे गुडघे टेकून रोझरीची प्रार्थना म्हणतो. नेमकं तेव्हाच हे फुसफुसतं. म्हाताऱ्या घाबरतात."

मी खुंटी उपटली. हवा अशी सुसाटली की माझी टोपी उडाली. बराच वेळ टेकडी नुसती उसासत होती. मग आवाज बारीक झाला, गोळा टक्कन बसला आणि पलीकडच्या नळाला खाकरत, थुंकत पाणी आलं. बायकांनी हात जोडले. माझ्याही अंगावर काटा आला. कित्येक मैलांवरचा, या टेकडीहून उंचावरचा तलाव, वाटेत एकही पंप नाही, आणि पाणी आपल्या पायांनी चालत या माथ्यावर आलं होतं. याची गणितं मी ढीगभर सोडवली होती. पण त्या नळाखाली हात धरला तेव्हा मी खरोखर थक्क झालो.

लग्न झकास झालं. रोझरीचं काय करायचं, ते मी साहेबांना विचारलं.

"पाणी दुपारी सोड," ते म्हणाले. "देवाची वेळ आपण कशी बदलणार?"

लाइन टाकताना आम्ही टेकडीचा इंच न् इंच मोजला होता. गाव गुडघे कधी टेकतं, हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं.