पासियेन्सियाची बॅटरी

संध्याकाळी सहाला कासिमिरा पांता स्वयंपाकघरातल्या रेडिओचा माईक हातात घेते, तेव्हा किनाऱ्यावरची कुत्रीसुद्धा गप्प होतात असं लोक म्हणतात. कुत्र्यांचं काही सांगता येत नाही. बायका मात्र होतात. ज्यांचे नवरे, मुलगे समुद्रावर आहेत त्या दाराशी येऊन बसतात आणि कान आत लावतात.

टेबलावर दोन वाडगे. डावीकडच्यात वालाचे दाणे, बाहेर जितक्या होड्या तितके. किनारा ज्या क्रमानं सोडला त्याच क्रमानं हाक मारायची, आणि उत्तर आलं की एक दाणा उजवीकडे टाकायचा. हे तिच्या आईचं काम होतं. गेली बावीस वर्षं तिचं आहे.

"एस्त्रेया, ऐकतोयस का रे?"

"ऐकतोय, कासी. सगळे ठीक. पाब्लोला जरा खोकला आहे," एस्त्रेया होडीचा तांडेल नेपो म्हणाला.

"त्याला म्हणावं, विड्या कमी ओढ. कुठे आहात?"

"चाळीस मैलांवर."

चाळीस म्हणजे साठ. हे कासिमिराला कळतं, दारातल्या बायकांना कळतं, आणि बाकीच्या होड्यांवरच्या तांडेलांना तर फारच चांगलं कळतं. म्हाकुलं, म्हणजे स्क्विड, कुठे लागली हे हवेवर खरं सांगायचं नसतं. कुणी रागावत नाही. दाणा उजवीकडे पडतो, एवढंच.

मागच्या खेपेला मात्र एक दाणा दोन संध्याकाळी डावीकडेच पडून राहिला. तो तिच्या नवऱ्याचा होता.

तेओफिलो एचेच्या होडीचं नाव पासियेन्सिया, म्हणजे धीर. दोन संध्याकाळी ती होडी बोलली नाही. कासिमिरानं सहाला हाक मारली, सातला मारली, आठला मारली. मासा तव्यावर करपला. दारातल्या बायका आपापली उत्तरं मिळूनही उठल्या नाहीत. शेजारच्या ब्रिहिदानं केळ्याचे काप तळून आणले आणि कुणी खाल्ले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी पासियेन्सिया आली ती काठोकाठ म्हाकुलं भरून, आणि पुढे तेओफिलो हसत उभा.

"बॅटरी बसली गं! काय करणार?"

कासिमिरानं त्याचे हात हातात घेतले. लोकांना वाटलं, मायेनं घेतले. ती तळवे बघत होती. बॅटरी बसली तर इंजिन हँडलनं फिरवावं लागतं, आणि ते हँडल फिरवलं की तळव्यांची सालं निघतात. दोन्ही खलाशांचेही हात तिनं पाहून घेतले. सहाही तळवे धड.

जेवताना शांतपणे म्हणाली, "शनिवारी पाइताला जायचं. इंजिनाची बॅटरी इंजिनाला. रेडिओला आणि दिव्यांना वेगळी घ्यायची. मी घेणार आहे, माझ्या सुकटीच्या पैशांनी."

तेओफिलोचा घास हातातच राहिला. "अगं, आहे ती चालते की!"

"बसते म्हणालास ना?"

त्यानं तो घास तोंडात कोंबला.

पाइताच्या बाजारामागे आर्तेमियोचं बॅटऱ्यांचं दुकान आहे. माणूस बुटका, बोटं तेजाबानं पिवळी पडलेली. दुकानात पाऊल टाकताच तेओफिलो चकचकीत लाल बॅटरीपाशी जाऊन उभा राहिला.

"ही बघ! हिनं ट्रक उठतो. आर्तेमियो, एकदा स्टार्टरला लावून दाखव. कसा झटका देते बघू."

किनाऱ्यावरचा प्रत्येक तांडेल बॅटरीची परीक्षा अशीच घेतो. एका झटक्यात इंजिन उठलं की बॅटरी उत्तम. आणि मग तिच्यावर रात्रभर दिवे जाळतात, आणि सहा महिन्यांत ती मेली की विकणाऱ्याच्या आईचा उद्धार करतात.

"मला ट्रक उठवायचा नाही," कासिमिरा म्हणाली. "आर्तेमियो भाऊ, सावकाश उतरणारी दाखवा."

आर्तेमियोचे डोळे चमकले. "डीप सायकल म्हणता! वहिनी, तुमच्यासारखं गिऱ्हाईक वर्षात एकदा येतं. ही लाल म्हणजे शर्यतीचा घोडा. एका दमात सगळा जोर, आतल्या प्लेटा पातळ. चार-सहा वेळा तळापर्यंत उतरवली की संपली. ही करडी म्हणजे आपलं गाढव. प्लेटा जाड. थोडं थोडं देईल, पण रात्रभर देईल, आणि सकाळी इंजिनानं भरलं की पुन्हा तयार."

"मग गाढवच द्या. घोड्यावर बसणारा घरात आहेच एक."

तेओफिलो भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागला.

कासिमिरानं पदराला पुसावेत तसे झग्याला हात पुसले आणि बोटांवर हिशेब मांडला. "म्हाकुलं वर बोलावणारे दिवे तीन अँपिअर, नऊ तास. सत्तावीस झाले. खोली मोजायचं यंत्र, बारा तासांचे बारा. डोलकाठीवरचा दिवा दहा. रेडिओ दिवसरात्र चालू—" इथे तिनं नवऱ्याकडे पाहिलं— "दिवसरात्र, त्याचे अकरा. झाले साठ."

"मग साठची घेऊ की!" तेओफिलो घाईनं म्हणाला. "ती बघ ना, सुबक आहे, कोपऱ्यात बसेल."

"अर्ध्याखाली उतरवली तर गाढवही मरतं," आर्तेमियो म्हणाला. "साठ वापरायचे तर एकशेवीसची हवी. वर थोडी शिल्लक, म्हणजे एकशेतीस."

"एकशेतीस? ती ठेवू कुठे? माझ्या डोक्यावर?"

"तुझा बिअरचा खोका असतो ना, तळाशी, मधोमध," कासिमिरा म्हणाली. "तिथे. वजन खाली राहिलं की होडीही कमी डुलेल."

आर्तेमियोनं हसू मिशीत लपवलं. "पाणी घालायची देऊ की बंद डब्याची? पाण्याची स्वस्त पडते."

"पाणी कोण घालणार, हा? हा स्वतःच्या सूपमध्ये मीठ घालत नाही. आणि लाटेत कलंडली तर तेजाब पायावर. बंद डब्याची द्या. आणि दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या ठेवायचं बटण, आणि व्होल्ट दाखवणारा तो छोटा मीटर."

कासिमिराच्या मनात एक गोष्ट मात्र टोचत होती. तेओफिलोला आयुष्यात प्रत्येक वस्तू मोठी हवी असायची: मोठं जाळं, मोठा मासा, मोठं ताट. आजच त्याला लहान हवी होती.

परतताना दोघं पिकअपच्या मागच्या फळीवर बसले. बॅटरी दोघांच्या पायांमध्ये, त्यावर तिची शाल. वाळवंटातला रस्ता संपत आला तेव्हा तेओफिलोनं हाक मारली.

"कासी."

"काय?"

"बॅटरी बसली नव्हती."

"ठाऊक आहे. हात पाहिले मी तुझे."

त्यानं तळवे मिटून घेतले. "मी रेडिओ बंद केला होता. म्हाकुलं अशी लागली होती, कासी, नुसती उकळत होती! उत्तर दिलं असतं तर तू विचारलं असतंस, कुठे आहात. आणि सकाळपर्यंत सगळ्या होड्या माझ्या उरावर."

"मग खोटं सांगायचं. सगळे सांगतात. नेपो बावीस वर्षं चाळीस मैलच सांगतोय. त्याची होडी कधी पुढे गेलीच नाही जणू."

"त्यांचं ठीक आहे. ते रेडिओशी खोटं बोलतात. मी तुझ्याशी बोलतो." तो बॅटरीकडे बघत म्हणाला, "मला नाही जमत. तुझा आवाज आला की खरंच तोंडाशी येतं."

कासिमिराला हसूही आलं आणि त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली. दोन्ही आवरून ती म्हणाली, "दोन संध्याकाळी मी तुझा दाणा बघत बसले होते, तेओ. मला तुझी जागा नको. मेली ती म्हाकुलं! मला आवाज हवा."

"पण विचारणार तू. सगळ्यांना विचारतेस. मला नाही विचारलंस तर लोक म्हणतील, नवऱ्याला सूट."

ते खरं होतं. तिनं शाल नीट केली आणि विचारात पडली.

मंगळवारी सतरा होड्या गेल्या. पासियेन्सिया शेवटची, करड्या बॅटरीचे पट्टे आवळण्यात तेओफिलोचा वेळ गेला होता. पहिल्या दोन संध्याकाळी तो बोलला, पण तेव्हा म्हाकुलं कुणालाच लागलेली नव्हती. तिसऱ्या संध्याकाळी नेपोच्या आवाजात लपवलेलं हसू ऐकूनच कासिमिरानं ओळखलं: लागली.

सोळा दाणे उजवीकडे पडले.

"पासियेन्सिया, ऐकतोयस?"

खरखर. ब्रिहिदानं दाराची चौकट धरली.

"पासियेन्सिया. तेओ. ऐकतोयस?"

खरखर, आणि मग मोठा श्वास. "ऐकतोय. सगळे ठीक."

"कुठे आहात?"

पुन्हा खरखर.

"पाण्यावर," तेओफिलो म्हणाला.

हवेवर सोळा होड्या एकदम हसल्या. नेपो ओरडला, "अरे वा, आम्ही सगळे डोंगरावर आहोत!"

कासिमिरानं हसणं ओसरू दिलं. मग नेहमीच्याच कोरड्या आवाजात विचारलं, "बॅटरीचा मीटर काय म्हणतो?"

"बारा पूर्णांक चार. रात्र निघेल."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. त्याच्या आवाजातच ते ऐकू आलं. तिनं सतरावा दाणा उचलला, उजवीकडच्या वाडग्यात टाकला आणि चुलीवर तवा चढवला.