बोंबलाच्या पोटातला बोंबील

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. सासरी ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि वर्गातल्या मुलांना पहिल्या आठवड्यातच कळतं. आम्ही मूळचे सांगलीकडचे. नवऱ्याला बोईसरच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडे आलो आणि घिवलीच्या पुढे, अगदी समुद्राला लागून असलेल्या एका शाळेत मला विज्ञान शिकवायला मिळालं. शाळा सातवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर शेजारच्या गावातलं हायस्कूल गाठावं लागतं. रोज स्कूटीवरून जाताना अर्ध्या वाटेवर सुक्या मासळीचा वास सुरू होतो. पहिली काही वर्षं मी तिथे नाकाला ओढणी लावायचे.

एका वर्षी सातवीच्या वर्गात अन्नसाखळी शिकवत होते. फळ्यावर नेहमीचीच मंडळी काढली: गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. मुलं जांभया देत होती. मग म्हटलं, चला, तुमच्या समुद्रातली साखळी करू. सगळ्यांना घेऊन अंगणात गेले. बादलीत दहा करवंट्या पाणी भरलं. हे पाणी म्हणजे समुद्रातल्या हिरव्या शेवाळाने उन्हातून साठवलेली ऊर्जा. त्यातल्या नऊ करवंट्या वाळूत ओतून द्यायच्या आणि एकच पुढच्याला द्यायची. पुढचा म्हणजे जवळा, बारीक कोळंबीसारखा. जवळ्याने आपल्यातला दहावा हिस्सा बोंबलाला द्यायचा, बोंबलाने घोळ माशाला. शेवटी घोळ झालेल्या मुलीच्या तळहातावर जेमतेम चमचाभर पाणी आलं.

"एवढंसंच?" ती म्हणाली. "बाकीचं गेलं कुठं?"

"पोहण्यात गेलं, पळण्यात गेलं, अंगातली ऊब होऊन गेलं," मी सांगितलं. तिने हाताकडे पाहिलं, वाळूतल्या ओल्या डागाकडे पाहिलं आणि ओठ मुडपले.

या मुलीला पटवणं सोपं नव्हतं. काहीही सांगितलं की हिचं 'पण बाई' तयार. मला तिच्यात लहानपणची मी दिसायचे, आणि बहुतेक म्हणूनच ती मला फारशी आवडायची नाही. तिचे वडील बोटीवर जायचे, आई मासळी सुकवायची. महिन्याभरापूर्वी पालकसभेला आई येऊन गेली होती. सभा संपल्यावर मागे थांबली आणि सरळ विचारलं, "बाई, हिला डोकं हाय का? असंल तर हायस्कुलात धाडते. नसंल तर माज्या हाताखाली घेते. तुमी सांगाल तसं." मी म्हटलं होतं, चाचणी होऊ दे, मग सांगते.

चाचणीत प्रश्न होता: समुद्रातल्या पाच सजीवांचं अन्नजाळं काढा, ऊर्जा कुणाकडून कुणाकडे जाते ते बाणाने दाखवा. तिने सगळं नीट काढलं होतं. फक्त बोंबलापासून एक बाण निघून, गोल वळून, परत बोंबलालाच येऊन लागला होता. मी त्यावर लाल फुली मारली आणि शेजारी 'काहीतरीच!' असं लिहिलं. एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. पण पेपर वाटताना मी तिला उभं केलं.

"बोंबील स्वतःच स्वतःला खातो का गं?"

"बोंबील बोंबलाला खातो, बाई."

"कुणी सांगितलं?"

"म्हाईत हाय मला."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. बोंबील सुकवायला घालतात तेव्हा एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून त्यांची जोडी करतात आणि ती बांबूवर टाकतात. रोज येता-जाता मी हे बघत होते. मला वाटलं, चोर सापडला. "अगं, वाळत घातलेल्या जोड्या बघून तुला वाटलं ना, की एक दुसऱ्याला गिळतोय?" मी म्हणाले. सगळा वर्ग हसला. मीही हसले. ती हसली नाही, बसलीसुद्धा नाही. "पण बाई..." तिने सुरुवात केली आणि मी ओरडले, "पुरे! खाली बस."

त्याच संध्याकाळी तिची आई रस्त्यात भेटली. डोक्यावर पाटी होती. विचारलं, "झाली का चाचणी?" माझा राग उतरलेला नव्हता. उचलली जीभ लावली टाळ्याला. "लक्ष नाही तिचं. हट्टीपणा आहे नुसता," मी म्हणाले. आईने मान डोलावली. "बरं झालं सांगितलंत. मंग सातवी झाली की बसवते कामाला." आणि ती गेली. तिने ना वाद घातला, ना दुसऱ्यांदा विचारलं. घरी जाईपर्यंत मला ते वाक्य टोचत राहिलं. पण शिक्षकाला एकदा बोललेलं मागे घेता येत नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती स्टीलचा डबा घेऊन. प्रार्थना संपल्या संपल्या तिने तो माझ्या टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. आत पोट चिरलेला एक मोठा ओला बोंबील होता. त्याच्या पोटात, डोकं-शेपूट सगळं जागच्या जागी, करंगळीएवढा दुसरा बोंबील होता.

हातच्या कांकणाला आरसा कशाला! वर्ग टेबलाभोवती गोळा झाला आणि मी मात्र खुर्चीवरून उठलेच नाही.

"कुठे मिळाला?" मी विचारलं.

"काल सकाळपासनं चिरीत हुते. लई पोटांत जवळाच निघतो. एक पाटी चिरली तवा ह्यो गावला." मग म्हणाली, "सुकवायचे बोंबील हुते. आय लई वरडली."

मी तो बोंबील पाहत राहिले. इतकी वर्षं मी बोंबील खात होते. बोईसरच्या बाजारात मावशीला म्हणायचे, साफ करून द्या. ती द्यायची, मी रव्यात घोळवून तळायचे. त्याच्या पोटात काय असतं ते बघायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. पुस्तकातलंही मी असंच, कुणीतरी साफ करून दिलेलं, मुलांपुढे वाढत होते. आणि जिने हातात सुरी धरून पोट उघडून पाहिलं होतं, तिला मी काहीतरीच म्हणाले होते. मला लाज वाटली. वर्गासमोर मी म्हणाले, "माझं चुकलं. हिचं बरोबर आहे." असं काही मुलांनी माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

ती मात्र एवढ्यावर थांबणारी नव्हतीच. "बाई, मग त्या दिशी अंगणात तुमी पाणी ओतलं ना... जवळ्याकडं एक करवंटी हुती. बोंबलाकडं त्याचा दहावा हिस्सा. मग आमी बोंबील न खाता जवळाच खाल्ला, तर त्याच समुद्रात जास्ती माणसांचं पोट भरंल ना?"

पुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं. माझ्याही मनात कधी आलं नव्हतं. तिने अंगणातल्या पाण्यावरून आणि चुलीवरच्या कालवणावरून ते स्वतः जुळवलं होतं. मी तिचा पेपर मागून घेतला. लाल शाई पुसता येत नाही, म्हणून 'काहीतरीच'च्या खाली लिहिलं, 'बरोबर आहे. मी पाहिलं.' आणि सही केली.

शाळा सुटल्यावर स्कूटी घराकडे न वळवता तिला मागे बसवून मासळी सुकवायच्या जागी गेले. ओढणी खांद्यावरच राहिली. तिची आई बांबूंच्या मांडवापाशी उभी होती. आम्हाला दोघींना एकत्र बघून तिचा चेहरा उतरला. "आता काय केलं हिनं? पाटीभर माल चिरून टाकला कालच. शाळेनं डोकं फिरवलंय हिचं."

"हिने काही केलं नाही, ताई. मीच चुकले," मी म्हणाले. मग सगळं सांगितलं: फुली, वर्गातलं हसू, डबा, जवळ्याचा प्रश्न. मी बोलत होते तेवढ्यात मुलगी सवयीने पाटीपाशी बसली आणि जोड्या अडकवू लागली. जबड्यात जबडा, आणि दांडीवर. माझं संपल्यावर आईने विचारलं, "मंग हाय का डोकं?"

सांगलीकडे माझी आईही असंच विचारायची, अगदी याच शब्दांत. नोकरीला लागल्यापासून मी ती बोली ट्रंकेत ठेवून दिली होती. त्या दिवशी ती आपसूक तोंडात आली. "हाय," मी म्हणाले. "माझ्यापेक्षा जास्त हाय."

आईने पदराला हात पुसले. "बाई, तुमी नाय म्हनलात तवा मी ऐकलं. आता हाय म्हनता, ते बी ऐकते. मला वाचता येत नाय, मी तुमच्याच तोंडाकडं बघते. तवा जरा बघून बोलत जा."

असं मला कुणी साहेबानेही कधी सुनावलं नव्हतं. मी मान खाली घालून 'हो' म्हटलं.

मग ती लेकीपाशी गेली. मुलीच्या हातात नुकतीच अडकवलेली एक जोडी होती. आईने ती तिच्या हातातून काढून घेतली, स्वतः दांडीवर टाकली आणि म्हणाली, "ऊठ. हात धू. जून लांब नाय, दप्तराचं बघाया लागंल."