थ्री फेजचं लेथ मशीन आणि लग्नाचा भात

मशीनमधलं मला सगळं कळतं, असं मानणारा अख्ख्या जव्हारात मी एकटाच आहे.

बँकेतून निवृत्त झालो आणि पडवीत छोटंसं वर्कशॉप काढायचं डोक्यात घेतलं. वसईच्या एका बंद कारखान्यात जुनं लेथ मशीन बघायला गेलो. लोखंडाचा तुकडा धरणारा चक हाताने फिरवून पाहिला, मशीनच्या लोखंडी बेडवर टिचकी मारली आणि गंभीरपणे "हं" म्हणालो. (टिचकी का मारतात, ते मला अजून माहीत नाही.)

"काका, मोटर थ्री फेज आहे. चालेल ना?" विकणाऱ्याने विचारलं.

"चालेल काय, पळेल!" एकापेक्षा तीन बरे, एवढा हिशेब मलाही येतो!

टेंपो घाट चढून आला, मशीन उतरलं, आणि वायरमनने सांगितलं की आमच्या घरात सिंगल फेज आहे.

"मग आता?" आमची मंगल म्हणाली. "कपडे वाळत घालू का ह्याच्यावर?"

थ्री फेज होती भिंतीपलीकडे, माझा मेहुणा रघुनाथ ह्याच्या भाताच्या गिरणीत. त्याच्या मुलीचं दुसऱ्याच दिवशी लग्न. मोखाड्याहून वऱ्हाड येणार, आणि पंगतीचा भात साखरशेतहून लग्नाच्या आदल्या दुपारी भरडायला यायचा होता. तरी बिचाऱ्याने गिरणीतून लाइन ओढू दिली.

"फक्त एक करा भावोजी, आज गिरणी बंद पडू देऊ नका. इज्जतीचा प्रश्न आहे!"

लाइन जोडून वायरमन गेला. मी बटण दाबलं. मशीन फिरलं, पण उलटं! मोबाइलवर शोधलं, तर उपाय सोपा: तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल करा. रघुनाथ जेवायला गेला होता. मी गिरणीतला मेन स्विच बंद केला आणि वायरी तिथेच बदलल्या. माझ्या मशीनपाशी बदलूनही भागलं असतं, पण मला काम मुळापासून करायची हौस! मशीन झकास सरळ फिरायला लागलं.

दुपारी पोती आली. रघुनाथने गिरणीच्या तोंडात भात ओतला. खालून तांदळाचा दाणा येईना. वरून ओतलेला भात वरूनच परत बाहेर!

"भावोजी, बघा ना! तुम्हाला मशीनमधलं कळतं ना?"

(असं कोणीतरी म्हणावं, म्हणून मी किती वर्षं थांबलो होतो!) मी बाह्या सरसावल्या. पट्टा काढून परत चढवला, जाळी काढून परत बसवली, शेवटी दारावर लिंबू-मिरचीही बांधली. भात येतच राहिला. वरून!

"उद्या वऱ्हाडाला काय वाढू? कोंडा?" रघुनाथ रडकुंडीला आला.

तेवढ्यात मंगल चहा घेऊन आली. "अहो, मघाशी तुमचं मशीन उलटं फिरत होतं ना? सरळ कसं केलंत?"

"सोपं आहे. इथे मेन स्विचला दोन वायरी..." मी म्हणालो आणि डोक्यात प्रकाश पडला: माझं मशीन सरळ, पण त्याच वायरींवरची गिरणी उलटी! रघुनाथ माझ्याकडे बघत होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

वायरी पूर्ववत केल्या आणि दिवेलागणीपर्यंत सगळा भात भरडून झाला.

लग्नात रघुनाथने काही मनात ठेवलं नाही. एक धडधाकट चुलतभाऊ दिवसभर माझ्या दिमतीला दिला. मागायच्या आत पाणी, उठायच्या आत "बसा, बसा"!

"बघितलंस? जावयाचा मान!" मी मंगलला म्हणालो.

"मान कसला! मांडवामागे जनरेटर आहे. तुम्ही तिकडे फिरकू नये म्हणून बसवलाय त्याला!"